दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक सबवूफर आणि कुपवाडच्या मिस्त्रींचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्री यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कामाचे पैसे मी त्याच दिवशी चुकते केले, पण काम करता करता आपण जे समजावून दिलेत त्याचे बिल आपण लावलेच नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण सांगली-मिरज-कुपवाड परिसरात गाडीत दुसरा अ‍ॅम्प्लिफायर बसवू पाहणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांना मिळणारा सल्ला नेहमीच आपल्यासारखा नसतो.

माझ्या गाडीच्या डिक्कीत दोन-दोन ओहमच्या (ओहम हे विजेच्या रोधाचे माप) दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असलेला एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, होता. दोन्ही कॉइल एकापुढे एक जोडल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहमचा भार दिसे, आणि दोन ओहमला ५०० वॅट देऊ शकणारे ते यंत्र जेमतेम ३०० वॅटवर थांबे. आतेभावाने गाडी विकताना तसाच दुसरा अ‍ॅम्प्लिफायर मला देऊ केला, तेव्हा एका दुकानात सांगण्यात आले की दोन्हींच्या आउटपुटच्या वायरी एकत्र पिळून सबवूफरला द्या, ताकद दुप्पट होईल. आपण ते ऐकताच हातातला पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "दोन बैल एका गाडीला जुंपायचे असतात, त्यांची शिंगं एकमेकांना बांधायची नसतात."

पुढे आपण त्याचे कारणही सांगितलेत, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा स्वतःचा रोध ओहमच्या शंभराव्या हिश्शात मोजावा इतका कमी असतो. दोन यंत्रांच्या व्होल्टेजमध्ये एका व्होल्टचा फरक पडला आणि त्या दोघांमधल्या वाटेचा एकूण रोध ०.१ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाह स्पीकरकडे न जाता एका यंत्रातून दुसऱ्यात घुसतो आणि आतले ट्रान्झिस्टर जाळतो. काही मोनो अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडण्यासाठीच बनवलेले असतात, हे खरे. त्यांत एक पुढारी असतो, दुसरा उलट्या फेजने, म्हणजे पहिल्याचे व्होल्टेज चढते तेव्हा आपले उतरवत, त्याच्या मागे चालतो, आणि प्रत्येकाला स्पीकरचा निम्माच रोध दिसतो. पण ती सोय कंपनीने दिलेली असावी लागते, आणि माझ्याकडच्या यंत्रांत ती नव्हती. तेव्हा आपण काढलेला मार्ग साधा होता. कॉइल दोन आहेत, तर प्रत्येक यंत्राला दोनच ओहम दिसून त्याचे पूर्ण ५०० वॅट मिळावेत म्हणून प्रत्येक कॉइलला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. सबवूफर तेवढा भार सोसणारा आहे, हे आपण आधी त्याच्या मागच्या पट्टीवर वाचून घेतलेत.

मात्र आवाजाला हात लावण्यापूर्वी आपण बॉनेट उघडायला लावलेत. दोन्ही यंत्रांतून मिळून १००० वॅट बाहेर काढायचे आणि यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरायची, तर आत १२५० वॅट लागणार. १३.८ व्होल्टला भागले की सुमारे ९० अँपिअर येतात, आणि लहान गाडीचा ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, साधारण तेवढ्याच घरातला असतो. गाणे सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही म्हणून ते निभावते, हेही आपण सांगितलेत. माझ्या भाच्याने तिसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट काढली तेव्हा आपण ऑल्टरनेटरवर छापलेला आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावलात, आणि तो विषय तिथेच मिटला. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच वीज वाहते म्हणून आपण ती काढून चार गेजची शुद्ध तांब्याची टाकलीत. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवलात आणि तिथून पुढे प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज दिलात. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरला आग लागू नये म्हणून असतो, ही गोष्ट दुकानांत क्वचितच कोणी सांगते.

अर्थिंगसाठी, म्हणजे यंत्रांची ऋण वायर गाडीच्या पत्र्याला जोडण्यासाठी, आपण मागच्या सीटखालचा रंग पॉलिश पेपरने चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडलात आणि दोन्ही यंत्रांची अर्थिंग एकाच बोल्टवर घेतलीत. ऑल्टरनेटरची शिट्टीसारखी घरघर पूर्वी इंजिनाच्या वेगाबरोबर चढत असे, ती तेव्हापासून ऐकू आलेली नाही.

यापुढचे काम पाहताना मला हेवा वाटला. दीड व्होल्टचा साधा सेल एकेका कॉइलला टेकवून सबवूफरचा कागद, म्हणजे आवाज काढणारा पडदा, दोन्ही वेळा बाहेरच्याच बाजूला सरकतो की नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलेत, कारण एक कॉइल उलटी लागली तर दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध ओढतात आणि खर्ज नाहीसा होतो. मग पहिल्या यंत्राच्या लाइन आउटमधून दुसऱ्याला सिग्नल दिलात, म्हणजे फक्त खर्ज पुढे जाऊ देणारा फिल्टर एकाच ठिकाणी लावावा लागला. स्पीकर सोडवून, ५० हर्ट्झचा स्वर लावून, मल्टिमीटर एसीवर ठेवलात आणि डॅशबोर्डवरच्या धुळीत बोटाने लिहिलेत: ५०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे १०००, त्याचे वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. दोन्ही यंत्रांचे गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी बटणे, मीटरवर तोच आकडा येईपर्यंत फिरवली गेली. कानाने गेन लावणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

३०० वरून १००० वॅट म्हणजे साधारण सव्वापाच डेसिबलची वाढ. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात, हे आपण आधीच बजावल्यामुळे माझी निराशा झाली नाही. फरक मला जाणवला तो तबल्याच्या डग्ग्यात. त्याचा घुमारा पूर्वी मध्येच फाटायचा, आता तो शेवटपर्यंत सुटा ऐकू येतो, तेही काचा बंद ठेवून आणि आवाज निम्म्याखाली असताना. रस्त्यावरच्या लोकांना ऐकवण्याचा माझा मुळी हेतूच नव्हता.

माझ्याकडून दुप्पट पैसे घेऊन मोठे यंत्र गळ्यात मारणे आपल्याला सहज जमले असते. त्याऐवजी आपण होते त्याच दोन यंत्रांतून काम काढलेत आणि मोजमाप कागदावर लिहून माझ्या हाती दिलेत. यासाठी मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. अर्थिंगचा बोल्ट आणि फ्यूजचे स्क्रू काही दिवसांनी गाडीच्या हादऱ्याने सैल होतात, तेव्हा ते पुन्हा आवळायला या, असे आपण सांगितले होते. त्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येत आहे. भाचाही येणार आहे. त्याला मल्टिमीटर धरायला शिकवावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
विश्रामबागचा एक ग्राहक
सांगली