मान डोलावली म्हणजे ऐकले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'नीट ऐका' असे सगळेच सांगतात. नीट म्हणजे कसे, हे विचारले की उत्तर मिळते: डोळ्यांत पाहा, मधूनमधून मान डोलवा. लक्ष भलतीकडे असतानाही मान डोलावता येते. समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या शब्दांत त्याला सांगितले आणि तो 'हो, हेच म्हणत होतो' म्हणाला, तरच ऐकले असे समजावे.

हे अवघड का जाते? २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर सुरू होण्यापूर्वीची शांतता सरासरी जेमतेम ०.२ सेकंद निघाली. उलट, चित्रातल्या साध्या वस्तूचे नाव तोंडावर यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपले उत्तर शिजू लागलेले असते, आणि वाक्याचा शेवट त्यात बुडतो. मराठीत तर क्रियापद शेवटी, नकारही बहुधा शेवटी! 'उद्या सगळ्यांनी यायचं' एवढ्यावर ज्याचे कान मिटले, त्याला पुढचे 'नाही' ऐकूच येत नाही. उपाय साधा आहे, पण सुरुवातीला अवघडल्यासारखे वाटते: समोरच्याचे वाक्य संपल्यावर मनात तीन आकडे मोजावेत, मग तोंड उघडावे.

वर्गात याच तीन सेकंदांचा परिणाम अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी तपासला. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबत. तेच तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

दवाखान्यात काय होते, ते बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ मध्ये अमेरिकेत मोजले. रुग्ण तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच अडवत. एकदा अडला की बहुतेक रुग्णांची यादी अर्धवटच राही. रुग्ण सर्वांत महत्त्वाची तक्रार पहिल्यांदा सांगेलच असे नाही, म्हणून हे घातक. 'आणखी काही नाही ना?' हा प्रश्न उत्तरासकट येतो. त्याला 'नाही' एवढेच म्हणणे सोपे असते. 'आणखी काय सांगायचंय?' असे विचारावे. रुग्णानेही उठण्यापूर्वी कोणती गोळी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे स्वतः बोलून दाखवावे. 'समजलं' म्हणून निघू नये.

कामाच्या सूचना घेताना वैमानिकांची शिस्त उचलण्यासारखी आहे. ते धावपट्टी, उंची, परवानगी हे सगळे हवाई वाहतूक नियंत्रकाला परत वाचून दाखवतात. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफे बेटावर दोन जम्बो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे मेली. त्या वेळी उड्डाणाच्या तयारीतल्या वैमानिकांना नियंत्रकाने उच्चारलेला 'ओके' ऐकू आला. 'थांबा' सांगणारे पुढचे शब्द दुसऱ्या संदेशाशी एकाच वेळी आल्याने खरखरीत हरवले. पुढे 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखला गेला. कचेरीत एवढे प्राण पणाला लागत नाहीत, पण 'ओके' तोच असतो. फोनवर तारीख, रक्कम, नाव हे तिन्ही परत म्हणावे. आकडे सुटे सांगावेत. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत गफलत होते, 'सहा-नऊ' आणि 'सात-नऊ' यांत सहसा होत नाही.

घरात मात्र हे तंत्र जसेच्या तसे चालत नाही. वैतागलेल्या माणसाची वाक्ये पोपटासारखी परत म्हटली तर तो आणखी चिडतो. तिथे शब्द नव्हे, आशय परत द्यायचा, तोही अंदाज म्हणून: 'तुला विचारलंच नाही, याचा राग आलाय का?' अंदाज चुकला तरी बिघडत नाही, समोरचा दुरुस्त करतो. 'असं का केलंस?' यात उलटतपासणीचा वास येतो, 'काय झालं?' विचारावे. आणि सल्ला देण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे, 'काही सुचवू, की नुसतं ऐकू?' निम्मी धुसफूस इथेच टळते, असे आमचे मत.

भांडणासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये एक नियम सुचवला होता: आधीच्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे मांडल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. करून पाहिल्यास कळते की हा नियम फार जाचक आहे, आणि आवाज खाली आणतो तो त्या जाचामुळेच. 'तुझं बरोबर आहे, पण...' अशी पळवाट मात्र नको. 'पण'च्या अलीकडचे सगळे त्या शब्दाने पुसले जाते.

शेवटी कानांविषयी. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ अशी व्यंजने पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. अशा माणसावर 'लक्ष देत नाहीत' असा शिक्का मारला जातो. त्यांच्याशी ओरडून बोलल्याने शब्द आणखी विकृत होतात. समोर उजेडात बसून, ओठ दिसतील असे सावकाश बोलावे आणि श्रवणतपासणी करून घ्यावी.

कळावे,
संवादकौशल्य शिकवणारे काही वाचक