सोनूच्या खेळण्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सोनूला दिवाळीत कोणतं खेळणं आणू, असं बाबांनी फोनवर विचारलं. तेव्हा त्याच्या स्वमग्नतेसाठीच्या (ऑटिझमच्या) थेरपीची घाई होती, म्हणून आता सविस्तर लिहितोय. बाबा, आईला वाचून दाखवा.

पोळ्याला त्यानं मातीचे बैल ओसरीच्या कडेनं एकामागे एक लावले होते. पूजेसाठी आईनं मधला एक उचलला आणि लेकरानं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, पोराच्या आईनंच मोबाइल देऊन त्याला बिघडवलं. तुमच्या सुनेला ते फार लागलं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांबद्दल लिहून ठेवलंय. हातात येईल ती वस्तू गरगर फिरवणारं पोर त्यांच्यातही होतं, आणि तेव्हा कुठला आलाय मोबाइल! काकूंना हे जरूर सांगा.

बैलाला चारा घालायचा, बाहुलीला जेवू घालायचं, असला लुटुपुटीचा खेळ स्वमग्न मुलांना बहुधा उशिरा जमतो. बटण दाबलं की दिवा लागतो, उतारावर सोडली की गोटी घरंगळते. दर वेळी तेच घडतं, त्यात त्यांना बरं वाटतं. माणसाचा चेहरा, आवाज क्षणाक्षणाला बदलतो, त्याचा अंदाज बांधणं त्यांना अवघड जातं. अर्थात सगळ्यांचं सारखं नसतं. थेरपीला येणारी एक मुलगी फक्त पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसते.

आपला सोनू मोटार उलटी करतो, चाकाला बोटानं फिरकी देतो आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहतो. पूर्वी आम्ही मोटार सरळ करून द्यायचो. थेरपिस्ट ताई म्हणाल्या, त्याच्याशेजारी बसा आणि तुम्हीही चाकच फिरवा. परवा चाक थांबल्यावर त्यानं माझं बोट धरून चाकावर नेलं. एका शब्दानं न बोलणाऱ्या लेकरानं मला 'अजून' म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष लागलं नाही.

तेव्हा बाबा, गाणी वाजवणारी सेलवरची खेळणी नकोत, तो कानावर हात ठेवतो. बाजारातून लाकडी भोवरा आणा, मोठा बघून. जाळी गुंडाळून तुम्हीच फिरवा. थांबला की लगेच उचलू नका. तो तुमच्याकडे बघेल किंवा तुमचा हात ओढेल, तोवर धीर धरा. नाही बघितलं तरी रागावू नका, थोड्या वेळानं पुन्हा फिरवा. आणि आई, बैलांची रांग लागली तर असू दे. पूजेला वेगळी जोडी ठेवत जाऊ.

वसुबारसेला सकाळच्या गाडीनं सेलूला उतरतोय. गल्लीतल्या पोरांशी फटाक्यांचं मी आल्यावर बोलतो. आईनं गुडघ्याच्या गोळ्या चुकवू नयेत.

तुमचा,
बंडू