माझ्या सोमवारच्या गोळीबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : संधिवातासोबत मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब असलेल्या रुग्णांना तालुक्याच्या जवळ, एकाच जागी उपचार मिळण्याबाबत

आदरणीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका गावात २३ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. वय ५१. हे पत्र मी सांगते आहे आणि सूनबाई मोबाइलवर लिहून घेते आहे. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि या वेळी माझी बोटं वळत नाहीत. सगळा जन्म रजिस्टरं भरण्यात गेला, आणि आता सहीपुरता पेन धरायला नऊ वाजायची वाट बघावी लागते.

मला आरए आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गावात सरसकट ‘वात’ म्हणतात. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा, हा वेगळा. यात अंगाची राखण करणारी शक्तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांचे चवडे एकाच वेळी सुजतात. वेळेत औषध मिळालं नाही तर हाड कुरतडलं जातं आणि बोट वाकडं होतं ते कायमचं. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीने होतो, आणि बहुतेक वेळा ऐन संसार ओढायच्या वयात.

मला तो २०१५ च्या श्रावणात पहिल्यांदा जाणवला, भाकरी थापताना. पीठ मळून झालं, गोळा परातीत ठेवला, पण तळहात सपाट होईना. थापटी मारली की मनगटातून कोपरापर्यंत कळ जायची. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली. सासूबाई म्हणाल्या, थंडाव्याने धरलं असेल. आठवड्याने बांगड्या मनगटात रुतल्या, त्या कासाराकडे जाऊन कापून काढल्या. अंगणवाडीत लेकरू उचलून वजनकाट्याच्या झोळीत ठेवताना हात सुटेल अशी भीती वाटू लागली. एकदा खरंच सुटला. मदतनीस ताईंनी वरच्यावर धरलं म्हणून बाळाला काही झालं नाही. त्या दिवसापासून मी मूल उचललेलं नाही.

आजाराचं नाव कळायला त्यानंतर दोन वर्षं गेली. दोन वर्षांत मी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले, कळ थांबायच्या गोळ्या खाल्ल्या, आणि शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून एकाकडून पुड्या आणल्या. तिसऱ्या दिवशी मी पळायला लागले. घरात सगळ्यांना देव पावल्यासारखं झालं. सहा महिन्यांत चेहरा गोल झाला, वजन वाढलं, रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठायला लागले. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, “पुड्या खाता का?” त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार, असं ते म्हणाले. स्टेरॉइडने सूज झटक्यात उतरते, पण साखर चढते, रक्तदाब वाढतो आणि हाडं ठिसूळ होतात. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर या आरए ओळखायच्या रक्ततपासण्यांचे सगळे रिपोर्ट आले. त्याच दिवशी शुगरचाही रिपोर्ट आला. थायरॉइड आधीपासून होता. रक्तदाब पुढच्या वर्षी सापडला.

साहेब, तुमच्या खात्याकडे हे चार आजार चार दारांनी येतात. माझ्याकडे ते एकाच अंगात राहतात. या पत्रात मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

शुगरचे डॉक्टर सांगतात रोज पाऊण तास चाला. त्यांचं बरोबर आहे. पण चवडे सुजले की चप्पल घालूनही खड्यांवरून चालल्यासारखं होतं. आरएचे डॉक्टर दुखणं उसळलं की थोडे दिवस स्टेरॉइड देतात, तेव्हा शुगर तीनशेच्या घरात जाते. कळ थांबायची गोळी घेतली तर किडनीला आणि बीपीला वाईट, नाही घेतली तर रात्र निघत नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. आरएची मेथोट्रेक्सेट ही गोळी फक्त सोमवारी. फॉलिक अ‍ॅसिड मंगळवारी. पाचवी गोळी आरएचीच, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तिच्यासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. आरए असलेल्याला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो, म्हणून तेही बघायचं. हे सगळं मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून भिंतीवर लावलं आहे. माझ्या घरात वाचणारी माणसं आहेत. ज्या बाईच्या घरात नाहीत तिने काय करायचं?

आता सोमवारच्या गोळीबद्दल सांगते. जुलै २०२२ मध्ये ताप आणि शुगर वाढल्यामुळे मला जवळच्या शहरात एका दवाखान्यात दाखल केलं. चार दिवसांत बरं वाटलं. घरी सोडताना जे कार्ड दिलं त्यावर सगळ्या गोळ्या ओळीने छापल्या होत्या, आणि मेथोट्रेक्सेटपुढे होतं १-०-०. म्हणजे रोज सकाळी एक. मला माहीत होतं की ती आठवड्याची गोळी आहे. पण मी आजारातून उठलेले, आणि मोठ्या डॉक्टरांनी छापून दिलंय म्हणजे आता रोजची केली असेल, असं वाटलं. सहा दिवस रोज घेतली. सातव्या दिवशी तोंडभर फोड आले, थुंकी गिळता येईना. मुलाने पुण्याला नेलं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. नऊ दिवस उताऱ्याची इंजेक्शनं आणि सलाईन. सूनबाई तेव्हा नवी नवरी होती, तिने माझ्या तोंडात कापसाने पाणी सोडलं.

त्या दवाखान्याचं नाव मी इथे घेणार नाही. कार्ड लिहिणारा मुलगा वाईट नव्हता. ही गोळी कुणी सुरू केली, कशासाठी, कोणत्या वारी, हे सांगणारा एकही सरकारी कागद माझ्या पिशवीत नव्हता. गरोदर बाईला आपण माता-बाल संरक्षण कार्ड देतो. मी ती शेकड्याने भरली आहेत. नऊ महिन्यांत ती बाई कोणत्याही दवाखान्यात जाऊ दे, कार्ड उघडलं की सगळं समोर येतं. आम्हाला तर आयुष्यभर औषध घ्यायचं आहे. तसं एक कार्ड आमच्यासाठी का नसावं? त्याच्या पहिल्या पानावर मोठ्या लाल अक्षरात एवढं छापा : ‘मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार : ______. गरोदरपणात घेऊ नये.’

गरोदरपणाचं मुद्दाम सांगते. ओपीडीच्या रांगेत माझ्यापुढे २६ वर्षांची एक मुलगी होती. लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांना आजार सांगितला नव्हता. मला हळूच म्हणाली, “काकू, गोळ्या माहेरीच ठेवून जाईन, मग बघू.” ही गोळी पोटातल्या बाळाला घातक आहे, मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून काही महिने आधीच बंद करावी लागते आणि दुसरी चालणारी औषधं घेता येतात, हे तिला कुणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत तिचा नंबर आला आणि ती आत गेली. लपवून औषध सोडणाऱ्या आणि लपवून औषध खाणाऱ्या अशा मुली किती असतील, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या, त्याचा मला उपयोग होतो. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या मी तिथूनच आणते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने आमच्या गावात दोन घरं कर्जातून वाचली, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ती योजना मुख्यतः माणूस दाखल झाला की उभी राहते. आमचा आजार घरी खायच्या गोळीवर आटोक्यात राहतो. ती गोळी वेळेवर मिळाली तर दाखल व्हायची पाळीच कमी येते. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासलाझिन ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. माझ्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मात्र विचारलं की उत्तर येतं, “ही इथे येत नाही, बाहेरून घ्या.” बाहेरची गोळी, दर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, आणि पुण्याचा हेलपाटा. एसटीला आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचे आभार. पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते. दांडा धरून अंग वर ओढायचं असतं आणि ओढायला मनगटं लागतात. कंडक्टर दादांनी हात दिला तर चढते.

संधिवाताची सरकारला माहिती नाही असंही नाही. १९९६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या भिगवणला पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी फिरून पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढ माणसं तपासली. सांध्यांच्या दुखण्याची तक्रार दर पाच-सहा माणसांत एकाची होती आणि आरए साधारण दोनशे माणसांत एकाला. भिगवण माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. लोक तिथे फ्लेमिंगो बघायला येतात. जगाला खेड्यातल्या संधिवाताचा आकडा ज्या पट्ट्याने दिला, त्याच पट्ट्यातल्या बाईला इतक्या वर्षांनंतरही गोळीसाठी शंभर किलोमीटर जावं लागतं, हे तुमच्या मनाला लागावं म्हणून लिहिते आहे.

मागणं फार मोठं नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस आम्हाला द्या. त्या दिवशी शुगर, बीपी, थायरॉइड आणि सांधे एकाच टेबलावर, एकाच केसपेपरवर बघितले जावेत. संधिवाततज्ज्ञ तिथे येऊ शकणार नाहीत, ते मोठ्या शहरांतच आहेत, मला कल्पना आहे. पण ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सोयीवरून, ते फिजिशियन साहेबांशी बोलू शकतात. मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि आमची रुग्णालयं तुमच्याकडे, म्हणून हे अडत असेल तर दोन्ही मंत्र्यांनी एकदा एकत्र बसावं. पेशंट दोघांचा एकच आहे. गोळ्या आणि रक्ततपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत येऊ द्या. आणि आशाताई तिशीपुढच्या बायकांना शुगर-बीपीचं विचारायला घरोघरी जातात, तेव्हा त्यांना एक प्रश्न जास्तीचा द्या : “सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर धरलेली असतात का? दीड महिन्यापासून?” माझ्या दारात २०१५ साली हा प्रश्न आला असता तर पुड्या माझ्या घरात आल्या नसत्या.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल थोडक्यात सांगते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आरए नावाने नाही, त्यामुळे आम्हाला हाडांच्या अपंगत्वात मोजतात. माझी मोजणी दुपारी दोन वाजता झाली. तोवर बोटं सैल झालेली असतात. डॉक्टर म्हणाले मूठ वळवा, मी वळवली. ३० टक्के लिहिले. सवलतींसाठी ४० लागतात. सकाळी सातला मला दुधाची पिशवी फोडता येत नाही, हे त्या तक्त्यात कुठे बसत नाही. कायदा केंद्राचा आहे, पण तपासणारी मंडळं राज्यात बसतात. आरएच्या रुग्णाला सकाळी बोलवावं आणि बरोबर आलेल्या माणसालाही विचारावं, एवढी सूचना तुम्ही देऊ शकता. तिथला संडासही खाली बसायचा होता. परत उठायला मला अनोळखी बाईचा आधार घ्यावा लागला. प्रत्येक सरकारी दवाखान्यात एक तरी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा असावा. ज्या बाईचे गुडघे धरतात ती त्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. मी पीत नाही.

आता साडेसात वाजले. बोटं थोडी उघडायला लागली आहेत, नऊ वाजले की सही मी स्वतः करणार आहे. या पत्राची प्रत टपालाने मंत्रालयात पाठवते आहे, तिच्यावर अंगणवाडीचा पूर्ण पत्ता आहे. उत्तर त्याच पत्त्यावर पाठवावं. आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष येणार असेल तर सोमवार सोडून यावं. सोमवारी गोळी घेतल्यावर मला मळमळतं आणि मी नीट बोलू शकत नाही.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
जि. पुणे