जुन्या चेनसॉचे ऑइल सील द्या, नाहीतर नवीन मशीन परत घ्या

प्रति,
मॅनेजर साहेब, कस्टमर केअर आणि स्पेअर पार्ट विभाग

विषय: वॉरंटीत पिस्टन घासलेली नवीन चेनसॉ आणि जुन्या चेनसॉचे न मिळणारे पार्ट

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला अन लगेच लिहायला बसलो. दोन्ही चेनसॉ, म्हणजे झाडं कापायच्या पेट्रोलच्या मशीन, तुमच्याच कंपनीच्या आहेत, मॉडेल अन सिरीयल नंबर सोबतच्या फोटोत आहेत, म्हणून कोणती मशीन काय आहे हे समजावत बसत नाही.

पहिले ताई बोलल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, समोर लिहून दिलेलं तेवढंच त्या वाचतात. पेट्रोल आहे का, स्विच ऑन आहे का, चोक ओढला का. म्हटलं ताई, सिलिंडर खोलून समोर टेबलावर ठेवला आहे, पिस्टनवर उभे ओरखडे आहेत. तरी परत विचारलं, चोक ओढला का. मग टेक्निकलच्या साहेबांना जोडून दिलं अन खरा अपमान तिथून सुरू झाला. फोटो मी आधीच पाठवले होते, ते त्यांनी उघडून पण पाहिले नव्हते.

"सर, तुम्ही ऑइल कमी टाकलं असेल."

म्हटलं पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली मिसळतो, तुमच्याच बाटलीवर लिहिल्यासारखं, अन ऑइल पण तुमचंच.

"मग पेट्रोल लोकल असेल."

म्हटलं सरकारी कंपनीच्या पंपावरचं आहे.

"त्यात इथेनॉल राहते ना सर, मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच लिहिलेलं आहे."

आता मला सांगा, पंपावर आज २० टक्क्याचंच पेट्रोल मिळते, हे मशीन विकताना तुम्हाला माहीत नव्हतं का? आम्ही वरुड तालुक्यातल्या शेतकऱ्यानं बिना इथेनॉलचं पेट्रोल आणावं कुठून? अन रबर, डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) २० टक्के सोसत नसेल तर ती मशीन इथं विकायलाच नको होती. हे बोललो तर साहेब गाडी दुसरीकडं घेऊन गेले.

"सर तुम्ही बगीचा तोडला म्हणता, म्हणजे कमर्शियल वापर झाला, त्यात वॉरंटी बसत नाही."

बगीचा माझा आहे साहेब. संत्र्याचे जुने झाडं डिंक्या रोगानं वाळले, ते पावसाळ्याच्या आत काढून नवीन कलमा लावायच्या होत्या. दुसऱ्याच्या वावरात एक फांदी पण रोजानं कापली नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर होत नाही, २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. अन घेताना तुमच्या डीलरनंच सांगितलं होतं की बगीच्याच्या कामाला हीच चांगली.

शेवटी मी जुन्या मशीनचं विचारलं, म्हटलं नवीनचं काय करायचं ते करा पण जुनीचे दोन क्रँक सील (क्रँकच्या दोन टोकांचे ऑइल सील) अन पिस्टन किट तरी द्या. तर ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहून राहिलो: "ते मॉडेल बंद झालं सर, ठेवून काय करता, एक्सचेंजमध्ये द्या, भंगाराचं काहीतरी मिळून जाईल. शेतकरी लोक जुन्यालाच धरून बसतात."

हे वाक्य मी विसरणार नाही. ती मशीन बाबांनी २००६ मध्ये घेतली. धुऱ्यावरच्या बाभळी, वादळात पडलेली चिंच, सगळं तिनं कापलं आहे. तिचा क्रँककेस (क्रँकभोवतीचा खोका) मॅग्नेशियमचा आहे, मधातून उभा दोन भागात उघडते, क्रँकचे बेअरिंग धातूत बसलेले आहेत. नवीन मशीनमध्ये सिलिंडर खालून प्लास्टिकच्या खोक्यात बसवला आहे, बेअरिंग बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढा. दोन्हीवर नाव एकच, स्टिकरचा रंग पण तोच, तर गिऱ्हाइकानं फरक ओळखावा कसा? दुकानात कोणी सांगत नाही की ही वर्षातून दोन-चार दिवस चालवायची मशीन आहे अन ही रोजच्या कामाची आहे. सीसी किती अन बार (चेन फिरते ती पट्टी) किती इंची एवढंच सांगतात. टिकणं सीसीवर नसते, केस कशाचा आहे, एअर फिल्टर भुसा किती अडवते, पार्ट मिळतात का, यावर राहते, अन हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आता नवीन मशीन काहून बिघडली ते ऐका. ऑइलचा काही संबंध नाही. कार्बोरेटर अन सिलिंडरच्या मधात जे रबर राहते ते चिरलं होतं. तिथून हवा आत गेली, मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त अन पेट्रोल कमी, इंजिन तापलं अन पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं घासला. ऑइलच नसतं तर खालचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग पण कोरडं होऊन निळं पडलं असतं, ते एकदम साफ आहे, फोटो पाठवला आहे. अन सगळ्यात मोठी गोष्ट, हे व्हायच्या आधी मी मशीन तुमच्या सर्व्हिस सेंटरला नेली होती, कारण ट्रिगर सोडला तरी रेस खाली येत नव्हती. जॉब कार्डवर त्यांच्याच हातानं लिहिलं आहे, "आयडल रेस जास्त, अॅडजस्ट केली". रेस आपोआप वाढते म्हणजे कुठून तरी हवा ओढून राहिली, हे आमच्या गावातल्या मोटारसायकलच्या मिस्त्रीला पण समजते. प्रेशर लावून लीकेज तपासायचं सोडून त्यांनी स्क्रू फिरवला अन मशीन हातात दिली. तेव्हाच रबर बदललं असतं तर काही झालं नसतं. तुमच्याच माणसानं तपासलं नाही अन तुमचाच साहेब फोनवर म्हणते की ऑइल कमी टाकलं.

जुनी मशीन भंगार आहे का, ते पण सांगतो. स्टार्टरची दोरी धरून लटकवली की भसकन खाली येते, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं. गेजवर १५० पीएसआयच्या आसपास पाहिजे ते १०० च्या खाली आलं आहे. पण क्रँक हलत नाही, केसला तडा नाही, सिलिंडरच्या आतला निकेलचा थर शाबूत आहे, नखाला काही लागत नाही. अशा मशीनला पिस्टन-रिंग, दोन सील, इनटेकचं रबर, पेट्रोलची नळी अन कार्बोरेटरचं डायफ्राम किट टाकलं की ती परत उभी राहते, खर्च नवीनच्या निम्म्यापेक्षा पण कमी. क्रँकचं बेअरिंग खिळखिळं असतं किंवा सिलिंडरचा थर निघाला असता तर मीच म्हटलं असतं, जाऊ द्या, पैसे घालण्यात अर्थ नाही. आता अडून राहिलं आहे ते फक्त दोन सीलवर. दोन सील, साहेब!

बाजारात बिना नावाच्या ५८ सीसी लिहिलेल्या मशीन मिळतात, शेजाऱ्यानं तीच घेतली. तिचं पिस्टन, कार्बोरेटर, सील सगळं वरुडच्या दुकानात लटकलेलं राहते, बिघडली की संध्याकाळपर्यंत चालू. मी जास्त पैसे मोजून तुमचं नाव घेतलं ते पार्ट मिळतील, सर्व्हिस मिळेल म्हणूनच. बाबा लोकांना सांगत, घ्यायची तर याच कंपनीची घ्या, अन त्यांचं ऐकून गावात किती जणांनी घेतली. आता मला कोणी विचारलं तर मी काय सांगू?

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. नवीन मशीनचा पिस्टन, सिलिंडर अन इनटेकचं रबर वॉरंटीत फुकट बदलून द्या, नाहीतर बिलाचे पूर्ण पैसे परत करा. अन जुन्या मॉडेलचे सील अन पिस्टन किट तुमच्याकडं नसतील तर कोणत्या चालू मॉडेलचे बसतात ते माप अन पार्ट नंबरसकट लिहून द्या. "मॉडेल बंद झालं" हे उत्तर मी मानणार नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं पण आहेत, ते काही उगाच नाही.

१५ दिवसात लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन अन अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकीन. ग्राहक राहते तिथं केस चालते अन ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी पण लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. तुमच्या वकिलाला अमरावतीला यावं लागेल. अन फोन करून परत चोकचं विचारू नका, जे सांगायचं ते लेखी पाठवा.

तुमचा ग्राहक,
ता. वरुड, जि. अमरावती

सोबत: दोन्ही मशीनचे बिल अन सिरीयल नंबरचे फोटो, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड, पिस्टन, बेअरिंग अन चिरलेल्या रबराचे फोटो