कॅडच्या सरावाला दुसरा कागदही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅड, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तूंची रचना करणे, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी रोज एक ड्रॉइंग घ्यावे, घड्याळ लावावे आणि त्याचे त्रिमितीय मॉडेल तयार करून आपला वेळ दिवसेंदिवस कमी करत न्यावा, असा सल्ला आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पुरवणीतील एका लेखात वाचला. रोजच्या सरावाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सराव किती साधला हे मिनिटांत मोजावे, हे मात्र मला पटत नाही. यंत्रभागांच्या रचनेचे काम बरीच वर्षे करत आल्यामुळे त्याची कारणे जरा तपशिलाने मांडावीशी वाटतात.

कॅड मॉडेल म्हणजे चित्र नव्हे. इव्हान सदरलँड यांनी एमआयटीतील आपल्या प्रबंधासाठी केलेल्या आणि 1963 साली मांडलेल्या ‘स्केचपॅड’ या रेखाटन-प्रणालीतच दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा दोन बाजू समान असाव्यात, अशा अटी संगणकाला सांगण्याची सोय होती. पुढे 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रो-इंजिनियर’ हे कॅड सॉफ्टवेअर आले आणि कोणता आकार कोणत्या मापावर व कोणत्या आधीच्या आकारावर अवलंबून आहे, याची क्रमवार नोंद ठेवणारी पद्धत रुळली. तेव्हापासून मॉडेल करणे म्हणजे मुख्यतः अटी नीट लिहिणे होय. त्या नीट लिहिल्या आहेत की नाहीत, हे मॉडेल पूर्ण होते त्या क्षणी कधीच दिसत नाही. त्यातले एखादे माप बदलावे लागते तेव्हा दिसते.

एक साधे उदाहरण देतो. 100 मिमी लांब, 60 मिमी रुंद आणि 20 मिमी जाडीचा पोलादी ठोकळा आहे व त्याच्या बरोबर मध्यावर 20 मिमी व्यासाचे आरपार छिद्र आहे. एका विद्यार्थ्याने छिद्राचे केंद्र डाव्या कडेपासून 50 मिमी असे माप देऊन ठेवले. दुसऱ्याने ठोकळा मध्यप्रतलाच्या दोन्ही बाजूंना सारखा वाढवला आणि छिद्र त्या प्रतलावरच बसवले. पडद्यावर दोघांची मॉडेले तंतोतंत सारखी दिसतात, आणि पहिल्याचे कदाचित अर्धे मिनिट आधीच पूर्ण होते. आता लांबी 130 मिमी करा. दुसऱ्याचे छिद्र आपोआप मध्यावरच राहते, पहिल्याचे मात्र 50 वरच अडकून पडते. घड्याळाने ज्याला जिंकवले, त्याचा भाग कारखान्यात गेला तर भंगारात जाईल.

म्हणून सरावाचे कोणतेही आव्हान दोन कागदांचे असावे, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या कागदावर मूळ ड्रॉइंग असावे, आणि मॉडेल पूर्ण झाल्यावरच उघडायच्या दुसऱ्या कागदावर तीन-चार मापांतले बदल असावेत. ही कल्पना माझी नाही. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरच्या वार्षिक परिषदेत होणाऱ्या ‘मॉडेल मेनिया’ या स्पर्धेत आधी ड्रॉइंगवरून भाग तयार करायचा आणि मग त्यात सुधारणा करायची, अशा दोन फेऱ्या असतात. स्पर्धकांची खरी त्रेधा दुसऱ्या फेरीत उडते.

उत्तर तपासायचे कसे, हा पुढचा प्रश्न. शिक्षक शेजारी नसताना विद्यार्थी मॉडेल फिरवून पाहतो, ड्रॉइंगसारखे दिसले की समाधान मानतो. त्याऐवजी साहित्याची घनता द्यावी आणि वस्तुमान विचारावे. कॅडच्या प्रमाणपत्र परीक्षांतही हीच पद्धत वापरतात. वर सांगितलेल्या ठोकळ्याला दर घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम ही पोलादाची घनता दिली, तर उत्तर 892.7 ग्रॅम यायला हवे. ते 942 आले, तर छिद्र राहून गेले आहे. 744.7 आले, तर 20 हा व्यास असताना तो त्रिज्या म्हणून टाकला आहे. म्हणजे चूक झाली एवढेच नव्हे, तर कोणती झाली हेही आकडाच सांगतो.

पण नुसत्या वस्तुमानावर विसंबणेही धोक्याचे आहे. छिद्र 5 मिमी बाजूला सरकले तरी वस्तुमान एका कणानेही बदलत नाही. बदलतो तो गुरुत्वमध्य, आणि तोही या ठोकळ्यात केवळ 0.28 मिमीने. 130 मिमीच्या ज्या बदलाविषयी वर लिहिले, त्यातही दोघांचे वस्तुमान सारखेच, 1175.3 ग्रॅम येईल. फक्त पहिल्याचा गुरुत्वमध्य डाव्या कडेपासून 65 मिमीऐवजी 65.63 मिमीवर दिसेल. ड्रॉइंगवर वस्तूचे कोणते दृश्य कोणत्या बाजूला मांडायचे हे ठरवणाऱ्या फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या प्रक्षेपणपद्धतींची गल्लत केली, तर डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा होऊन बसतो आणि त्याचेही वस्तुमान निमूटपणे जुळते. त्यामुळे आव्हान तयार करणाऱ्याने आरंभबिंदू कोठे धरायचा ते सांगून गुरुत्वमध्याचे तिन्ही अंक उत्तरात द्यावेत, आणि ड्रॉइंगवरील प्रक्षेपणाचे चिन्ह मुळीच गाळू नये.

क्रमाचे महत्त्वही अशाच सरावातून अंगवळणी पडते. 3 मिमी जाड भिंतीची पोकळ पेटी करायची आहे आणि तिच्या बाहेरच्या उभ्या कडांना 8 मिमी त्रिज्येची गोलाई द्यायची आहे, असे समजा. आधी ही गोलाई (फिलेट) देऊन मग पेटी आतून पोकळ (शेल) केली, तर आतल्या कोपऱ्याला आपोआप 5 मिमी त्रिज्या मिळते आणि भिंत सगळीकडे 3 मिमी राहते. उलट क्रमाने केले, तर आतला कोपरा काटकोनीच राहतो, बाहेरचा मात्र गोल होतो आणि कोपऱ्यात भिंत जेमतेम 0.93 मिमी उरते. बाहेरून पाहताना दोन्ही पेट्यांत काडीचाही फरक कळत नाही. मधोमध आडवा छेद घेतला की लगेच कळतो. छेद घेऊन पाहण्याची ही सवय विद्यार्थ्यांना कोणी लावत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

हे सारे मी शहाणपणाने शिकलो असे नाही. शिकत असताना मी वर्गात सर्वांत वेगवान होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. पहिल्याच नोकरीत एका पंपाच्या आवरणाचे मॉडेल मी झपाट्याने केले आणि कौतुक पदरात पाडून घेतले. काही आठवड्यांनी भिंतीची जाडी 4 मिमीवरून 5 मिमी करण्याचे काम एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे गेले. त्यांनी तो एक आकडा बदलला, आणि फीचरांची, म्हणजे मॉडेल ज्या टप्प्यांनी घडते त्यांची, यादी वरपासून खालपर्यंत चुकांच्या खुणांनी लाल झाली. स्केचमधल्या, म्हणजे ज्या सपाट रेखाटनावरून आकार उभा राहतो त्यातल्या, निम्म्या रेषांना मापेच नव्हती, त्या केवळ डोळ्यांच्या अंदाजाने जागेवर ठेवलेल्या होत्या. गोलाया ज्या कडांवर टेकल्या होत्या त्या कडाच नाहीशा झाल्या. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. त्यांनी ते मॉडेल पुसले आणि कोऱ्या फाइलमध्ये नव्याने करायला घेतले. तो दिवस मी त्यांच्या शेजारी बसून काढला.

व्हिडिओ पाहत त्यातल्याप्रमाणे करत जाण्याला हल्ली सराव म्हणतात. दुसऱ्याने सोडवलेले गणित सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यासारखे ते आहे. कोणती आज्ञा कोठे असते हे त्यातून कळते, पण सुरुवात कोणत्या स्केचने करावी हा निर्णय, जो सगळ्यात अवघड असतो, तो व्हिडिओ करणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

याहून चांगला आणि बिनखर्चाचा सराव म्हणजे हाताशी असलेली एखादी वस्तू, बिजागरी म्हणा किंवा तोटीची मूठ, व्हर्नियर कॅलिपरने मोजून तिचे मॉडेल करणे. यात एक गंमत आहे. व्हर्नियर 11.96 दाखवतो, तोच आकडा मॉडेलमध्ये टाकणारा विद्यार्थी प्रामाणिक खरा, पण रचनाकाराच्या मनात 12 होते हे ओळखणारा पुढे जातो. झीज, रंगाचा थर, साच्यातून भाग सुटावा म्हणून दिलेला उतार अशा गोष्टी ध्यानात आल्या की आकड्यांमागचा हेतू दिसू लागतो. असेंब्लीचा, म्हणजे अनेक भाग जोडण्याचा, आणि पृष्ठभागांचा सराव त्यानंतर आपसूक सुरू करता येतो.

सॉफ्टवेअर कोणते, याची मात्र फार चिंता करू नये. मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये आधीचे एखादे फीचर बदलले की पुढच्या फिलेटची कड भलतीकडेच सरके, आणि शिकणाऱ्याला चूक आपली की प्रणालीची हे कळत नसे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 या आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे, त्यामुळे वर सुचवलेल्या प्रकारच्या सरावाला ते पुरेसे आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या पुरवणीत शब्दकोड्यासाठी नेमाने जागा असते. तिथेच आठवड्याला एक ड्रॉइंग, घनता आणि आरंभबिंदू देऊन छापावे. पुढच्या आठवड्यात वस्तुमान व गुरुत्वमध्य यांचे उत्तर आणि त्यासोबत त्याच भागाच्या दोन-तीन मापांतले बदल द्यावेत, व बदललेल्या भागाचे उत्तर त्याच्या पुढच्या आठवड्यात यावे. पहिली काही ड्रॉइंगे उत्तरांसह काढून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक यंत्ररचनाकार वाचक