घरात टेबल असताना बाहेर कशाला?

आयडियल कॉलनी, पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांचं निम्मं मला कळलं नाही आणि माझं निम्मं त्यांना ऐकू गेलं नाही. कानाचं यंत्र कपाटात ठेवून फोन घेतल्यावर दुसरं काय होणार! म्हणून हे पत्र. उभा जन्म पोस्टात काढलेल्या माणसाला पत्राचं उत्तर देणं भागच आहे.

प्रश्न एवढाच ना, की घरात टेबल आहे, इंटरनेट आहे, मग कॉफीच्या दुकानात जाऊन काम कशाला?

आधी पैशांचं, कारण बाबा तिथेच अडलेत. एका कॉफीचे 220 रुपये, वर 5 टक्के जीएसटी. हे सगळे कॉफीचे नाहीतच. पावडर लागते 18 ग्रॅमच्या आसपास, दूध वाटीभर. बाकीचं भाडं: खुर्चीचं, पंख्याचं, प्लगचं, आणि दोन तास कुणी 'अजून काही आणू का?' म्हणून डोक्यावर उभं राहत नाही त्याचं. दोन तासांनी मी आपणहून काहीतरी मागवते. जेवणाच्या वेळेला चौघांचं टेबल एकटीनं अडवत नाही. मालकाचा धंदा खुर्च्यांवर चालतो, हे तिथे बसणाऱ्यांनीच ओळखायला हवं.

आणि बाबा, कॉलेजात असताना डेक्कनच्या गुडलकमध्ये एका चहावर चौघं किती वेळ बसायचात, हे तुम्हीच रंगवून सांगता. तेव्हा कुणी विचारलं होतं का, होस्टेलवर चहा मिळत नाही का म्हणून? 1935 चं ते हॉटेल आजही चालतं, बन-मस्काही खपतो. पण गर्दीच्या वेळी बाहेर लोक ताटकळत असतात. तिथे लॅपटॉप उघडला तर नजरेनंच उठवतील. वैशाली हॉटेलातही तीच तऱ्हा. म्हणून आमचं गल्लीतलं दुकान बरं.

आई, तुझी काळजी वेगळी आहे, ती मला कळते. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातली जागा सोडली ती सोडलीच. आता इथे आम्ही मोजकी माणसं, प्रत्येकजण शहराच्या वेगळ्या टोकाला. मी घरीच बसले तर सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द, ते थेट दुसऱ्या दिवशी परत त्याच्याशीच. मीटिंगमध्ये बोलणं होतं, पण निम्म्यांचे कॅमेरे बंद. दुकानात मी गप्पच बसलेली असते, तरी आजूबाजूला कुणी भांडतंय, कुणी हसतंय, कुणी एमपीएससीचं पाठ करतंय. मला तेवढं पुरतं.

दुकान म्हणजे जुन्या बंगल्याचा तळमजला, पुढे आंब्याचं झाड. फोनवर बोलायचं तर झाडाखाली जायचं, आत नाही, हा नियम. कॉफी दळायचं यंत्र सुरू झालं की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून सगळ्यांच्या कानात हेडफोन. आणि हो बाबा, बँकेचं काम मी तिथल्या वायफायवर करत नाही. त्याला मोबाइलचा हॉटस्पॉट.

मालक कोथरूडचाच. बिया चिकमगळूरच्या. तिथे कॉफीची झुडपं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवतात आणि त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या ही कथा तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. खरंखोटं बाबा बुडनच जाणोत. आई, मी त्याला एकदा म्हटलं, आमच्या घरी कॉफीत जायफळ किसून घालतात, तुम्ही घालाल का? त्याचा चेहरा असा झाला, जणू मी श्राद्धाच्या घरी बँडवाले बोलावले. तुझीच कॉफी बरी, हे इथे लिहून देते. पित्ताचं म्हणशील तर दुपारनंतर मी कॉफी घेत नाही, लिंबू सरबत घेते.

तिथल्या ओळखी 'जरा बॅगेकडे बघता का, आलोच' या वाक्यापासून सुरू होतात. बॅग सांभाळली की पुढच्या वेळी नाव विचारलं जातं. चित्रं काढणारी एक मुलगी अशीच ओळखीची झाली. माझ्या गळक्या नळाला प्लंबर तिनेच आणून दिला. आणि एक आजोबा आहेत, केंद्र सरकारचे पेन्शनर. नोव्हेंबरात वैतागून बसले होते, कारण हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर त्यांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. वयानं रेषा झिजतात. मी म्हटलं, ठसे कशाला, चेहऱ्यावर होतं. त्यांच्याच फोनवर आधार फेसआरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप घेतली, माहिती भरली, खिडकीच्या उजेडात बसवून डोळ्यांची उघडझाप करायला लावली. प्रमाणपत्राचा नंबर आला तेव्हा त्यांनी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे आता मी जिवंत आहे ना?" कॉफी दळायचं यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबा, गेल्या वर्षी तुम्हीही ठशांपायीच दोन हेलपाटे घातलेत, आणि आईनं मला सांगेपर्यंत अवाक्षर काढलं नाहीत. या नोव्हेंबरात दोघंही इकडे या. कोयना एक्सप्रेसनं आलात तर पुणे स्टेशनवरून वनाझची मेट्रो धरा. गाडी बदलावी लागत नाही, थेट आयडियल कॉलनीला उतरायचं. मी स्टेशनावर येतेच. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), पेन्शनच्या खात्याचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढं आणा. तो मोबाइल आईकडे राहतो, तेव्हा आईला घरी ठेवून यायचा विचारही नको. फक्त असे या, की दुसऱ्या दिवशी कामाचा वार असेल आणि आपण दुकानात जाऊ. शनिवार-रविवारी तिथे लॅपटॉपला बंदी असते, आणि मला जवळ बसून तुमचं काम नीट करून द्यायचंय.

कानाचं यंत्र आणा.

तुमची,
मनू