जपानचा पास आणि आपली पाच माणसं

देवगड,
अनंत चतुर्दशीनंतरचा तिसरा दिवस

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला जपानचा आराखडा मिळाला. नाक्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट काढून आणली आणि दोन रात्री पडवीत बसून वाचली. आंब्याच्या दिवसांत मी बाग सोडून येणार नाही हे ओळखून तू चेरीची फुलं बाजूला ठेवलीस आणि नोव्हेंबर धरलास. तुझ्या आईला आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली, म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तू "बाबा, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो.

पाचही जणांसाठी अख्ख्या जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास घ्यायचा असं तू लिहिलंयस. त्यापुढे "पास आहेच तर" म्हणून कानाझावा आणि फुकुओका घातलंयस. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या पासाचा दर 29,650 येनवरून एकदम 50,000 झाला. पूर्वी टोकियो ते क्योटो जाऊन आलं की तो जवळजवळ वसूल व्हायचा. आता तसं राहिलेलं नाही. आपण चार मोठे आणि छोटी अर्ध्या दरात, म्हणजे 2,25,000 येन.

त्याऐवजी जेआर वेस्ट या पश्चिम जपानातल्या रेल्वे कंपनीचा कन्साई-हिरोशिमा पास बघ. कन्साई म्हणजे ओसाका-क्योटोचा भाग. 2023 च्या दरवाढीनंतर पाच दिवसांचे 17,000 येन, मुलांना निम्मे. आपल्या पाचांचे 76,500. ओसाकातल्या शिन-ओसाका स्टेशनापासून हिरोशिमापर्यंत शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडंच 10,000 च्या वर आहे, म्हणजे हिरोशिमाला जाऊन आलो की पास फिटला. ओसाका, नारा, हिमेजी, विमानतळावर जाणारी हारुका गाडी हे सगळं वर मोकळं. टोकियोहून क्योटोला यायचं ते सुटं तिकीट काढून, माणशी 14,000 च्या आसपास. पाचांचे 63,000 धर. दोन्ही मिळून 1,39,500. मी तीन वेळा बेरीज केली. 85,500 येन वाचतात.

आणखी एक गोष्ट वाचून मला नवल वाटलं. सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीत अख्ख्या देशाचा महागडा पास असला तरी वेगळे पैसे भरावे लागतात. या स्वस्त पासावर शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमी तशीच चालते.

आता यातली खरी मेख. कणकवलीहून दादरला येताना रोह्याला कोकण रेल्वे संपते आणि मध्य रेल्वे लागते. 1998 पासून आपण ये-जा करतोय, पण हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही, कारण तिकीट एकच. जपानात तसं समजू नकोस. 1987 मध्ये तिथली सरकारी रेल्वे मोडून प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या केल्या. विभागाचा पास त्या त्या कंपनीच्या हद्दीपुरता असतो. टोकियोपासून शिन-ओसाकापर्यंतची शिंकान्सेन एका कंपनीची, तिथून पुढची दुसरीची. म्हणजे क्योटो ते शिन-ओसाका हा एवढासा तुकडा शिंकान्सेनने केलास तर आपला पास चालणार नाही, वेगळे पैसे पडतील. तिथे साधी जलद गाडी धर, अर्ध्या तासात ओसाका येतं आणि पासही चालतो. नकाशावर सगळ्या रेघा सारख्याच दिसतात, त्यामुळे माणूस तिथे फसतो.

पासाचे पाच दिवस सलग असतात आणि तारखेने मोजले जातात, चोवीस तासांनी नाही. रात्री नऊला सुरू केलास तरी तो दिवस गेला. म्हणून क्योटोत पोचल्याबरोबर तो उघडू नकोस. क्योटोतली बरीच देवळं बसने किंवा दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांनीच गाठावी लागतात, तिथे हा पास कामाचा नाही. क्योटो सोडायच्या सकाळी सुरू कर. पहिल्या दिवशी हिरोशिमा, दुसऱ्या दिवशी जवळचं मियाजिमा बेट, तिसऱ्या दिवशी परतताना हिमेजीचा किल्ला, चौथ्या दिवशी नारा, पाचव्या दिवशी हारुकाने विमानतळ. बरोबर पाच. हे पास फक्त पर्यटक म्हणून उतरणाऱ्यांना मिळतात, तेव्हा पासपोर्टवर तशी नोंद झाली की नाही ते विमानतळावरच बघून घे.

कानाझावा आणि फुकुओका मी पेन्सिलीने खोडलंय. तुला वाईट वाटेल, पण त्याचं कारण सांगतो.

तू आठ वर्षांचा होतास, आत्ता छोटी आहे तेवढा. मी दक्षिणेचं सर्क्युलर तिकीट काढलं होतं. लांबच्या अंतराला दर उतरता लागतो आणि वाटेत आठ ठिकाणी उतरता येतं. मी आठही ठिकाणं भरली. एकही वाया घालवायचं नाही असं डोक्यात बसलं होतं. मदुराईला वेटिंग रूमच्या बाकावर तू तापाने फणफणला होतास, आई नळावर रुमाल भिजवून तुझ्या कपाळावर ठेवत होती, आणि मी फलाटावर कन्याकुमारीच्या गाडीची वेळ विचारत उभा होतो. आई एका शब्दाने बोलली नाही. मीनाक्षीचं देऊळ आपण धड पाहिलं नाही, पण तिकीट मात्र पुरेपूर वसूल झालं. तो रुमाल अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. परवा तुझा आराखडा वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका धावापळ जमाची नाय." तिचा गुडघा तुला माहीत आहे. तिच्या चालीने जाऊ.

हिरोशिमाला मात्र मला पूर्ण दिवस हवाय. तिथल्या संग्रहालयात 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी 8:15 ला थांबलेली घड्याळं ठेवलीत. ओसाकाहून सकाळी जाऊन रात्री परत यायचं, असं त्या जागेचं मला करवणार नाही. आत जाऊन बाहेर आल्यावर नदीकाठी थोडा वेळ बसायला मिळू दे. छोटीला आत किती न्यायचं ते तू आणि सूनबाई ठरवा.

आणि मियाजिमाला एक रात्र. हे मी हट्टाने मागतोय. तिथल्या समुद्रात लाकडी तोरी, म्हणजे देवळाची कमान, उभी आहे, साधारण साडेसोळा मीटर उंच. आत्ताची 1875 ची, मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ते खांब जमिनीत पुरलेले नाहीत, स्वतःच्या वजनावर उभे आहेत. पाणी अडीच मीटरच्या वर चढलं की ती तरंगल्यासारखी दिसते आणि एक मीटरच्या खाली उतरलं की चालत पायथ्याशी जाता येतं. दोन तासांसाठी गेलेल्या माणसाला यातलं एकच काहीतरी दिसतं, कधी दोन्ही नाही. तुला खाडीवर वाढवलंय, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी ना धड चढतं ना धड उतरतं हे तुला सांगायला नको. म्हणून अष्टमी टाळ. उधाणाचे दिवस धर, पौर्णिमा-अमावास्येच्या मागचे-पुढचे. त्या बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, ते आधी बघ आणि मग हॉटेल घे. त्रिपुरी पौर्णिमा जुळली तर फारच छान. त्या रात्री दिव्यांसाठी आपण कुणकेश्वरला जातो, या वर्षी त्या पाण्यापाशी उभं राहू.

बेटावर दोन कंपन्यांच्या फेरीबोटी जातात. पास जेआरच्या बोटीवरच चालतो. माणशी 100 येन बेटाचा कर आहे, तो पास असला तरी भरावा लागतो.

आईने मोठी बॅग काढून ठेवलीय. शिवणाच्या टेपने मापली. लांबी, रुंदी, उंची मिळून 166 सेंटिमीटर भरली. 160 च्या वर गेलं की या मार्गावरच्या शिंकान्सेनमध्ये बॅगेच्या जागेसकट सीट आधी राखून ठेवावी लागते. तिला लहान बॅग देतो. तुमच्याही मापून घ्या, चाकं धरून.

भरतीच्या तारखा बघून दोन-तीन दिवसांत कळव. तोवर पासाचे पैसे भरू नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझे,
बाबा